भोकं पाडलेलं कॅलेंडर

एकतीस वर्षं लातूर–उदगीर, लातूर–निलंगा,
मुक्कामी गाडी देगलूरची.
डेपोत बसून एकदा हिशेब लावला :
पृथ्वीला चाळीसेक वेढे झाले असते.
त्यातलं मी चाललो किती?
पहिल्या सीटपासून मागच्या सीटपर्यंत,
दांडी धरत, लवंडत, सुट्टे मोजत.

डॉक्टर येरोळकरांनी रिपोर्ट उलटा-सुलटा केला :
"तीन महिन्यांची साखर नवाच्या वर, केरबा.
ही गोळी सकाळी. आणि रोज चाळीस मिनिटं चाला."
म्हटलं, कुठं?
त्यावर ते काही बोलले नाहीत.
त्यांच्या दवाखान्याच्या दारातच नाली उघडी होती.

कुठं, हाच खरा आजार.
रिटायर होऊन प्लॉट घेतला रिंगरोडपल्याड.
तिथं कोथिंबिरीच्या जुडीलाही गाडीला किक.
रस्ता साठ फुटी, त्यात पायाला जागा नाही.
फुटपाथ आहे की!
त्यावर डीपी, त्यावर टायरवाला,
आणि कुणाच्या तरी वाढदिवसाचे बांबू.
पहिल्या दिवशी कुत्र्यांनी घरापर्यंत सोडलं,
दुसऱ्या दिवशी ट्रकच्या हॉर्ननं.
तिसऱ्या दिवशी मी घरातच चाललो,
सोफा ते फ्रिज, फ्रिज ते सोफा,
विदाउट तिकीट.

मग स्कूटी काढली, गंजगोलाईपाशी लावली.
चालायला जायचं तर गाडीवर.
हसा. मीही हसलो.

पहाटे साडेपाचची गोलाई.
शटरं झोपलेली, फुलवाले तेवढे जागे.
सोळा रस्ते फुटतात इथनं,
पाय विचारत नाहीत, कोणत्या.
शिंक आली की समजायचं, मिरचीची गल्ली.
पाव रचता रचता मोहसीनभाई :
"चाचा, आज दो मिनट लेट."
शेवंती ओवता ओवता अनुसयाबाई :
"फिराय निघलाव का?"
गिरणी, शाळा, मशीद, मारुती,
सगळं एका हाकेवर.
इथली म्हातारी माणसं व्यायाम करत नाहीत.
मीठ संपतं, ते आणायला जातात.

ट्रंकेच्या तळातनं जुना पंच काढला.
चाललो त्या तारखेला भोक. टिक्.
नाही चाललो, तारीख कोरी.
बायको वैतागली,
"अहो, चतुर्थीच उडवलीत की!"

तीन महिन्यांनी साखर सातवर काहीतरी आली.
झोप लागते. गुडघा कुरकुरतोच,
खोटं कशाला बोलू.

एकदा शेजारच्या मंगरुळेबाई फाटकात अडवून म्हणाल्या,
"तिकडं लांब कशाला जाता?
इथंच चालू या. चौघं झालो
की कुत्रीपण ओळखतील."

ओळखली. आठवडा लागला.
आता सात जण आहोत, एक काठी, दोन बॅटऱ्या.
नालीचा अर्ज नगरपालिकेत पडून आहे,
तोवर मोरेंच्या पोरानं एक शहाबादी फरशी टाकलीय.
हलते ती.
पुढचा पाय ठेवतो नि मागच्याला सांगतो,
जपून.

चालता चालता बाया थांबतात, गोष्टी काढतात,
पोराचं लग्न, टँकरचा वार, बीपीची गोळी.
थांबलं की घाम सुकतो, चाळीस मिनिटं मोडतात.
मागून माझ्याच नकळत माझा आवाज निघतो,
एकतीस वर्षांचा, घासलेला :
चला, पुढं सरका,
पुढं सगळी जागा मोकळी आहे.

नसते. तेव्हाही नसायची.
तरी माणसं सरकायची.