आठशे

मागल्या सालापर्यंत आमचं उद्दिष्ट एवढंच:
यंदा मीठ बरं पडावं.
देवळात नारळ ठेवताना तेच,
संस्थेच्या इतिवृत्तातही तेच,
माझ्याच अक्षरात, अठरा वर्षं.

मग वेर्ण्याच्या कारखान्यातली नोकरी सोडून
सुलक्षा परतली आगरवाड्याला
आणि पहिल्याच बैठकीत तिनं विचारलं,
बरं म्हणजे किती?

कोणी खोकलं. कोणी विडी चाचपली.
शाणू म्हणाला, बरं म्हणजे बरं गो,
पेजेत घालून वर उरेल इतकं.

शाळेतून उसन्या आणलेल्या फळ्यावर तिनं लिहिलं:
आठशे पोती, वीस मेपर्यंत.
सहाशेच्या वर आम्ही कधी गेलो नव्हतो.
म्हणजे, गेलो नसू. मोजलंय कुणी?

तेव्हापासून रोज दिवेलागणीला
नावापुढे आकडा मांडत गेलो.
विशांतीची सात, म्हाळूची सहा,
खालच्या अंगाच्या वाफ्यात शाणूची दोन.
दुसऱ्या दिवशी दोन. तिसऱ्या दिवशी दीड.
शाणू फळ्याकडे पाठ करून बसू लागला.
मी सुलक्षाला म्हटलं, एक रकाना त्याच्या गुडघ्यांचाही घाल.
तिनं घातला. तो रिकामाच राहिला,
गुडघे कशात मोजायचे ते ठरेना.

दहाव्या दिवशी तीच उतरली त्याच्या वाफ्यात,
पोटरीभर चिखलात, बांध चाचपत.
कुर्ल्यांनी पोखरलेलं भोक, मनगटाएवढं.
रात्रीची भरती तिथून गुपचूप आत यायची
आणि पिकत आलेलं पाणी पुन्हा कच्चं करून जायची.
किती वर्षं, देव जाणे.
आम्ही म्हणायचो, शाणूच्या हाताला यश नाही.

वीस मेला भरली सहाशे चौऱ्याऐंशी.
शाणूनं थप्पी स्वतः मोजली, दोनदा,
आणि म्हणाला, पुढच्या साली नऊशे लिही.
अरे, आठशेच झाली नाहीत!
शिवाय फळा शाळेला परत गेला होता.

तेव्हा त्यानं बोट बुडवलं वाफ्यातल्या पाण्यात
आणि मानशीच्या काळ्या फळीवर काहीतरी ओढलं.
ओलं होतं तोवर दिसेना काहीच.
जेवून आलो तेव्हा ऊन माथ्यावर,
फळीवर पांढरा नऊ, त्यापुढे एक शून्य,
दुसरं अजून वाळत होतं.