व्हिम्टोचं रक्त

अजमानच्या सनाइयात, टायरच्या बंद गोदामात
आम्ही सात रात्री नाताळ केला.
बाहेर ऑगस्ट. रात्री एकलाही पत्रा
हात लावू देत नव्हता.
आत बर्फ पडत होता:
फ्रिजच्या खोक्यांतला थर्माकोल, किसणीवर किसलेला,
नवाझिशच्या टेबलफॅनपुढे मूठमूठ सोडलेला.
घामावर चिकटायचा.
पहिल्याच शॉटला मारिसेलच्या भुवया म्हाताऱ्या झाल्या.

ऑस्विन पिंटोकडे कॅमेरा एक, लेन्सा दीड.
अर्धीच्या कडेला बुरशी,
म्हणून प्रत्येक चेहऱ्याभोवती थोडं धुकं.
तो म्हणाला, याला शैली म्हणायचं.

दिवसा मी लिफ्टच्या वायरी ओढायचो, रात्री दिवे.
दिवे म्हणजे हॅलोजन दोन,
एकावर फळांच्या टोपलीचा लाल जिलेटिन कागद.
हिरवा मी लावलाच नाही.
तो समोरच्या मिनारावरून
झरोक्यातून आयता यायचा
आणि मेलेल्यांच्या डाव्या गालावर पडायचा.

रक्त व्हिम्टोचं.
रमजाननंतर अर्ध्या किमतीत उरलेलं जांभळं सरबत,
त्यात कॉर्नफ्लोअर, उकळून.
मुंग्या आल्या.
प्रेतानं हलायचं नसतं, मारिसेल हलली नाही.
पापणीवरून चाललेली ती मुंगी
अख्ख्या सिनेमात तेवढीच खरी.

खुनी बाबाजी तोरस्कर, कणकवलीकडचा.
उंची बघून घेतलेला.
सांताचा अंगरखा त्याच्या कोपरांपर्यंतच पोचायचा,
मुखवट्यातून दिसायचं काहीच नाही,
म्हणून भिंत चाचपत, एकेक पाऊल ठेवत यायचा.
पिंटो खूश. असा सावकाश खुनी
पैसे देऊनही मिळत नाही म्हणे.
बारा तास क्रेनवर बसून आलेला माणूस
आणखी कसा चालणार?

पाचव्या रात्री मिनारावरची ट्यूब गेली.
गोदामातले सगळे मेलेले एकदम साधे दिसू लागले,
नुसते झोपलेले.
मी मशिदीत गेलो. मुतीउर मुअज्जिन जागाच होता.
काय काम?
सिनेमा आहे. नाताळचा. एकजण सगळ्यांना मारतो.
का मारतो?
ते कागदात लिहिलेलं नव्हतं.
त्यानं मला बघितलं, मग शिडी दिली,
म्हणाला, फजरच्या आधी परत आण.
वर चढून हिरवी ट्यूब मीच बसवली.
आयुष्यात लावलेल्या दिव्यांतला तो एक
मला अजून आवडतो.

डिसेंबरात कॅम्पच्या जेवणघरात पाहिला,
दोन चादरी सेफ्टीपिनांनी जोडून.
पहिल्या खुनाला हसले, दुसऱ्याला शिट्ट्या.
सुरीवर दुकानाचं लेबल दिसलं तेव्हा
कुणीतरी जमिनीवर लोळला.
मारिसेल शेवटच्या रांगेत, नर्सच्या गणवेशात,
स्वतः मरताना वडा खात होती.

मग तो लांब कॉरिडॉर.
एका बाजूनं लाल, एका बाजूनं हिरवा,
आणि मधल्या धुक्यातून बाबाजी,
हात भिंतीवर, बंद दारांपुढून, चपलांच्या जोडांपुढून.

ऑक्टोबरातच कॅन्सल होऊन गेला होता.
क्रेनवाली कंपनीच बुडाली,
चार महिन्यांचा पगार कुणी विचारायचा.

एसीच्या वाऱ्यानं चादर हलत होती.
हसणं कधी थांबलं कळलं नाही.
मागून कुणीतरी हळूच म्हणालं,
बाबाजी, हयसर आसंव रे आमी.

तो भिंत चाचपत पुढे गेला.