स्वल्पविराम

कॉम्प्युटर म्हणतो, आमच्या गावात तलाव तीन.
गट नंबर दोनशे चौदा,
मोठी बोडी,
अन् हत्तीबुड.
साहेब जीपमधून उतरले, एक पाहिला,
म्हणाले, बाकीचे दोन कुठं?

फॉर्म मी भरले होते.
ज्यानं जे नाव सांगितलं
त्याला नवी ओळ दिली.

दसाराम मारबते पाळीवर जाळं झटकत हसला:
"पोट्टं माहं घरी बाब्या, शाळेत देवानंद.
म्हणून ताटं दोन मांडतो का मी?"

रात्री लाईन आल्यावर बसले.
दोन ओळी खोडताना
पाळ फोडल्यासारखा हात थरथरला.
मग पार खाली दिसला
कुणीच न भरलेला रकाना: इतर नावे.
मोठी बोडी, स्वल्पविराम, हत्तीबुड.
पाणी एका जागी आलं.

सकाळी दसारामची बायको आली,
ओल्या लुगड्यानं, दारातच उभी.
"आणखी एक हाये नाव.
आमी बायाच म्हणतो. ती लक्ष्मी गेली न, तवापासून."
कानात सांगितलं.

मी हत्तीबुडपुढं स्वल्पविराम दिला.
बोट कळांवर तसंच राहिलं.
तिनं स्क्रीनकडं पाहिलं नाही, माझ्याकडं पाहिलं.

पुढं काही लिहिलं नाही.
स्वल्पविराम मात्र ठेवला.