विशेष बाब

गाडी मला येत नाही.
सायकलच्या पुढं मी कधी गेलो नाही,
आणि सरकारनं मला बसवलं क्लीनरच्या जागी,
गळ्यात शिट्टी, मांडीवर रजिस्टर,
शेजारी उखर्डू सोनवणे,
जन्मठेप, अकरावं वर्ष,
अवजड वाहनाचा परवाना आतच नवा करून घेतलेला.

ट्रान्सपोर्टवाल्यांना ड्रायव्हर मिळेनात.
पोरं सुरतेला गेली, उरलेली रात्रीची चालवत नाहीत.
म्हणून भुसावळबाहेरच्या आमच्या खुल्या कारागृहाकडं अर्ज आला,
सतरंज्या विणायला माणसं मागावीत तसा.
अट एकच जाड अक्षरात:
सहाच्या हजेरीला गाडीसकट आत.

पहिल्या पहाटे साहेबांनी किल्ली पुढं केली,
तर तो घेईना.
म्हणाला, "खाली ठेवा साहेब, मी उचलतो."
का, ते मी विचारलं नाही.

आईची चार पोरं पाळण्यातच गेली.
हा पाचवा. सुईणीनं उकिरड्यावर टाकला
आणि पुन्हा उचलून आणला, म्हणून उखर्डू.
"टाकून उचललेला माणूस लवकर मरत नाही,"
हे तो तापीच्या पुलावर सांगतो.
पुलावर काच खाली करतो. दरवेळी.

फैजपूरच्या आधी मी बहुधा झोपतो.
सांगू नये, पण झोपतो.
विश्वास म्हणू नका, मे महिन्याचं ऊन म्हणा.

परवा जागा झालो तर इंजिन बंद.
किल्ली डॅशबोर्डवर. तो नाही.
शिट्टी दातांत धरली.
समोर पिलबाग, कापणी चाललेली,
आणि बांधावर उखर्डू,
पुढं जाईना, मागं येईना.

मुकादमाच्या पावतीवर मालकाचं नाव होतं:
कै. तोताराम लहानू चौधरी यांचे वारस.
हेच नाव त्याच्या निकालपत्रात आहे, पहिल्याच पानावर.
पाण्याची पाळी, रात्र, फावडं.

गाडी वळवायला लावणं माझं काम होतं.
मी खाली उतरेपर्यंत बाई आली,
हातात हिशेबाची वही, कानावर पेन,
लुगड्याच्या काठाला चिकाचे काळे डाग.
तिनं त्याच्याकडं पाहिलं.
किती वेळ, त्याला रजिस्टरात रकाना नाही.
तिचा पोरगा खांद्यावर घड घेऊन मध्येच थांबला,
बारा-तेराचा असेल.
"चाल रे, ऊन व्हऊन राह्यलं."
मग उखर्डूला, की ट्रकला, की कुणालाच नाही:
"ताडपत्री नीट बांधजो.
मागच्या खेपेले वरचे घड करपले."

त्यानं बांधली.
मी माणसं बांधलेली पाहिली आहेत,
दोर असा ओढलेला पाहिला नाही.
गाठीगाठीला पाय रोवून, मग सोडून, मग पुन्हा.
एका कोपऱ्यात पानांची गादी कमी वाटली,
तर अंगातला शर्ट काढून तिथं कोंबला.
गंजीला चीक लागला. चीक निघत नाही,
जेलच्या सोड्यानंसुद्धा.

सावद्याला माल उतरला.
फणी मोडली नव्हती, एकसुद्धा.
शर्ट मात्र हमालांच्या गर्दीत कुठं गेला कळलं नाही.

परतताना मी जागा.
पुलावर काच वरच राहिली.
मी म्हणालो, "उद्यापासून दुसऱ्या रूटला नाव टाकू का तुझं?"
पूल संपला, वळण आलं, रेल्वे फाटक आलं,
तेव्हा बोलला:
"तिच्या अजून तीन कापण्या बाकी आहेत."

पाच बावन्नला गेट.
किलोमीटर लिहिले, डिझेल लिहिलं, घड दोनशे चाळीस.
सरकारी कपडा हरवला तर रिपोर्ट करावा लागतो.
विशेष बाब या रकान्यात मी निरंक लिहिलं.
घरी एक पांढरा शर्ट आहे, कॉलर विरलेला,
बघू, त्याला होतो का.

साहेबांनी हात पुढं केला.
उखर्डूनं किल्ली खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली
आणि हजेरीच्या रांगेत जाऊन उभा राहिला,
गंजीवर.