सोबत जोडले आहे : एक ठिपका

महोदय,
आपलं पत्र मिळालं. साडेचार ओळींचं.
त्यातल्या अडीच ओळींत माझं अभिनंदन आहे,
आपलं उत्पादन निवडल्याबद्दल.
उरलेल्या दोनांत लिहिलंय :
यंत्रात द्रव शिरल्याच्या खुणा आढळल्या,
सबब वॉरंटी लागू नाही.

द्रव.

महोदय, ड्रोन पडला तो उमरेडच्या खाणीत,
मे महिन्याच्या तीन तारखेला, दुपारी सव्वाबारा,
सेहेचाळीस अंशांत.
ढिगाचं माप घ्यायचं होतं. निम्मं झालं होतं.
चाळीस मीटरवर मागची डावी मोटर थबकली
आणि अजून एकोणीस हप्ते बाकी असलेलं माझं पाखरू
कोळशावर आपटलं.
भोजराज धावला. मी तिथंच उभी,
हातात रिमोट, रिमोटवर अजून चालू असलेलं चित्र :
तिरपं आभाळ,
ढगाचा तुकडाही नाही.
ते चित्र जपून ठेवलंय. पुरावा क्रमांक एक.

तिथं द्रव म्हणाल तर
भोजराजच्या बाटलीत दोन घोट होते, चहाइतके गरम.
ते तोच प्यायला. तुमचं पत्र वाचून दाखवलं तर म्हणतो,
"पाणी कुठून आलं बाप्पा? तिथं तर थुंकीबी वाळते."

घाम होता. तो मी लपवत नाही.
पेचकस घेऊन वाकले असते तर एखादा थेंब पडलाही असता.
पण सील तोडलं तुमच्या माणसानं, तुमच्या टेबलावर,
पावतीवर लांजेवार साहेबांची सही आहे,
सहीखाली दोन रेघा.

सीताबर्डीच्या एका तळघरात इफ्तिखारभाई बसतात.
अहवालातला फोटो भिंगाखाली धरून म्हणाले,
आत कागदाचा ठिपका असतो मॅडम, मेथीच्या दाण्याएवढा.
कोरडा असेल तोवर पांढरा,
पाणी लागलं की लाजतो.
"आपका शरमा गया है. पर किससे, ये वो नहीं बताता."
मग पुडीत बांधून चार नवे ठिपके दिले.
पैसे घेतले नाहीत.

काल, नवतपाच्या दुसऱ्या दिवशी,
तुमच्या रामदासपेठेतल्या केंद्रात गेले.
माझं टोकन एकोणतीस. चालू होतं अकरा.
खिडकीत थोरला लोखंडी कूलर,
वाळ्याच्या नव्या ताट्या, टाकी काठोकाठ.
बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.
तोंडावरचा दुपट्टा सोडला, डोळे मिटले.
मग कोपरावर काहीतरी गार टोचलं.
पुन्हा टोचलं.
डोळे उघडले तर हातावर बारीक तुषार,
आणि समोर, थेट कूलरच्या तोंडाशी, एक मांडणी.
मांडणीवर पोटं उघडी टाकून निजलेली यंत्रं,
प्रत्येकाच्या पायाला चिठ्ठी बांधलेली.

माझं इथंच होतं.
अकरा दिवस.

मी पुडी सोडली.
एक ठिपका अर्जाच्या उजव्या कोपऱ्यात चिकटवला,
अर्ज मांडणीवर ठेवला
आणि परत येऊन खुर्चीत बसले.
कुणी हटकलं नाही. काउंटरवरची मुलगी
नखांना फुंकर घालत होती.
सोळा नंबरला ठिपका पांढरा होता.
बावीसला कडेनं जरासा मळला.
माझा नंबर पुकारला तेव्हा
फुटाळ्यावरच्या बर्फगोळ्याचा रंग आला होता त्याला.

लांजेवार साहेबांनी अर्ज वाचला.
ठिपका नखानं खरवडून पाहिला.
माझ्याकडे पाहिलं, मांडणीकडे पाहिलं,
मग उठून त्यांनी कूलर बंद केला.
बाहेरचा नवतपा आत येऊन बसला,
आणि रांगेतली सगळी माणसं
रागानं बघू लागली ती माझ्याकडे.

तरी मागणी अशी :
मोटर, मोडलेला हात, उघडून ठेवलेलं पोट
आपल्या खर्चानं पूर्ववत करून मिळावं,
आणि बुडालेल्या चोवीस दिवसांचं भाडं.
अर्जाची एक प्रत ग्राहक आयोगासाठी काढून ठेवली आहे.

ठिपका परत पाठवायची तसदी घेऊ नये.
माझ्याकडे अजून तीन आहेत.
पांढरे.

आपली,
तेजस्विनी डोंगरवार