ध्येयाचा रकाना

बिशपांच्या कचेरीतून फॉर्म आलाय.
प्रश्न सातवा: आपल्या शाळेचे शैक्षणिक ध्येय. थोडक्यात लिहा.
रकाना चार ओळींचा.

मागच्या खेपेला मी लिहिलं होतं, सर्वांगीण विकास.
माझ्या आधी सिस्टर इम्माक्युलाटानं लिहिलं होतं, सर्वांगीण विकास.
तिच्याही आधीची फाइल उंदरांनी कुरतडलीय,
पण 'सर्वां' तेवढं शाबूत आहे.

डिसेंबरचे साडेचार. फ्लीटवुडच्या गोदीवर दिवे लागले.
इथून एकेकाळी बोटी थेट आइसलंडला जायच्या,
आता फक्त दुसरीच्या चित्रकलेच्या वहीत जातात.
बाहेर मिस्टर थ्रेलफॉल
गुडघ्याएवढ्या खुर्च्या टेबलांवर पालथ्या घालतोय.
त्या आवाजात मी पेन उघडते.

काय लिहू?
यूसुफची आई पहिल्या दिवशी दारातच थांबली होती.
"तुम्ही माझ्या मुलाला ख्रिस्ती करणार का?"
मी म्हटलं, बाई, आधी त्याला रांगेत उभं राहायला शिकवू द्या,
ते आमच्या ख्रिस्ती पोरांनाही अजून जमलेलं नाही.
रमजानात तो जेवणाच्या सुट्टीत ग्रंथालयात बसला.
एकटा नको म्हणून अ‍ॅग्नेसही उपाशी बसली,
बारा वाजून दहा मिनिटांपर्यंत.
मग तिनं सँडविच खाल्लं आणि रडली,
आणि रोजा धरलेला तो सात वर्षांचा पोरगा
तिची समजूत घालत राहिला.
हे कुठल्या विषयात धरायचं?

किंवा गणित घ्या.
सात सफरचंदं, चौघे जण.
पुस्तकातलं उत्तर पावणेदोन.
रोझालीननं लिहिलं: कुणाला आवडत नाही ते आधी विचारा.
मी चूक अशी खूण केली.
रात्री घरी ती खूण मला टोचत राहिली, चपलेतल्या खड्यासारखी.

आणि मिएश्को.
राखेच्या बुधवारनंतर आम्ही पत्र्याचा डबा ठेवतो,
वर लिहिलेलं असतं, गरिबांसाठी.
त्यातले चार पौंड त्यानं काढले.
मी त्याला समोर बसवलं, आवाज खाली आणला,
एकतीस वर्षं शिकवलेली सातवी आज्ञा जिभेवर तयार होती.
तो म्हणाला, "डब्यावर लिहिलंय ना, मिस.
आई म्हणाली, आपण गरीब आहोत."
मी उठून टोस्ट भाजायला गेले.
दुसरं काही सुचलं नाही.

ईस्टरच्या आधी त्याचं पहिलं पापनिवेदन झालं.
बाहेर येऊन माझ्या कानाशी लागला:
"डब्याचं मी फादरना सांगितलं नाही.
ते पाप नव्हतं ना?"
मी म्हटलं, बघू.
अजून बघतेच आहे.
आज्ञा खोटी नाही, पोरगाही खोटा नाही.
त्या दोघांच्या मधे मी, मुख्याध्यापिका विनिफ्रेड हॅल्सल,
हातात बटरची सुरी.

चार ओळींत हे बसत नाही.
प्रार्थना येते, पाढे येतात, हात धुणं येतं,
भांडण मिटवून मग पुन्हा भांडणं येतं.
पण वासराला गाय चाटते तेव्हा
तिला ध्येय विचारत नाही कुणी.

मिएश्को आजही थांबलाय.
त्याची आई मासळीच्या कारखान्यातून सुटते पाचला, निघते सव्वापाचला.
मरियेच्या पुतळ्याखाली, जिची करंगळी
फुटबॉलनं उडाली ती मरिया,
तो बाकावर पाय हलवत बसलाय.
वर आगमनकाळाच्या चार मेणबत्त्या,
त्यांतल्या दोनच पेटवून झालेल्या.

"काय लिहिताय, मिस?"
"आपण इथे काय करतो, ते."
तो थोडा विचार करतो.
बुटाचं टोक भिंतीला लावतो, काढतो.
"वाट बघतो," म्हणतो.

थ्रेलफॉल किल्ल्या वाजवतो.
मी म्हणते, थांब जरा,
अजून एक जण न्यायचा राहिलाय.