एक बाकी

भुसावळच्या यार्डात, आठव्या लाइनवर,
जुन्या डब्याच्या कुशीवर पांढऱ्या रंगात
५१०५११.
सुपडू भारंबे, नंबर टेकर,
कानामागे खडू, डोक्यावर ओला रुमाल,
उभ्या उभ्या भागायला लागला.

दोनने : एक बाकी.
तीनने : एक बाकी.
पाच, सात, अकरा, तेरा,
सतराने तर घाम फुटला, तरी तीच एक.
कशीही पंगत मांडा,
एक जण पत्रावळीवाचून उभाच.

“हा फुटत नाही कोणाले,” तो म्हणाला.
कपलिंगवाल्या हमीदने हूक उचलला :
“जोडायचाय का तोडायचाय, ते सांग.”

वैशाखभर आकडा खिशात.
जेवताना, मुलीच्या सोयरिकीच्या बैठकीत,
हात मधूनच खिशाकडे.

मग एका रात्री, मालगाडी तीन तास लेट,
हजेरीच्या पाठकोऱ्या कागदावर
त्याने सहज एकोणीसने भाग लावला.
खाली शून्य.
उरलेलं २६८६९, तेही थांबेना :
सत्त्याण्णव, दोनशे सत्त्याहत्तर.

पुन्हा ताळा केला.
“फुटला रे भो.”
हमीद झोपलेला.

डबा केव्हाच खंडव्याकडे गेलेला.
सुपडूने रजिस्टर उघडून जुनी ओळ शोधली,
नादुरुस्तीच्या रकान्यात
बारीक अक्षरात लिहिलं :
१९.